हिरवी ढाल, नारिंगी ठिपका

अपडेट आलंय, चालू आहे, झालं, की अडकलं, हे कॉम्प्युटरने माणसाला कसं सांगायचं, या प्रश्नाला आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला. विंडोज ९८ सोबत 'विंडोज अपडेट' आलं तेव्हा ती मुळात एक वेबसाइट होती. आठवण ठेवून आपणच तिथे जायचं आणि काय नवीन आहे ते बघायचं. पुढे विंडोज एक्सपीच्या काळात घड्याळाशेजारची छोटी पिवळी ढाल घरोघरी ओळखीची झाली.

त्या ढालीमागे २००३ हे वर्ष आहे. जानेवारीत 'स्लॅमर' हा नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस आला, ऑगस्टमध्ये तसाच 'ब्लास्टर'. दोन्हींवरचा इलाज आधीच निघालेला होता. स्लॅमरचा तर तब्बल सहा महिने आधी. पण तो असंख्य मशिन्सवर चढलाच नव्हता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी अपडेट द्यायचा शिरस्ता सुरू केला आणि २००४ मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने 'सिक्युरिटी सेंटर' आणलं. इलाज वेळेत तयार असूनही लोकांपर्यंत ती बातमी नीट पोचत नाही, हे तेव्हा पुरतं उघड झालं.

पिवळी ढाल बोलायची मात्र फार मोघम. डाउनलोड चालू असलं तरी ढाल, बसवायला तयार असलं तरी तीच ढाल. नेमकं काय ते कळायला माउस तिच्यावर नेऊन थांबायला लागे. अपडेट बसलं की मग रीस्टार्टची चौकट यायची. 'नंतर' म्हटलं तरी दहा मिनिटांनी ती पुन्हा हजर. इतक्या वेळा टोकल्यावर माणूस न वाचताच बटण दाबायला शिकतो. ही सवय पुढे सगळ्याच इशाऱ्यांना भोवली, असं माझं ठाम मत आहे.

व्हिस्टा आणि विंडोज ७ ने बंद होतानाचा आणि सुरू होतानाचा पडदाच ताब्यात घेतला. 'टप्पा ३ पैकी १, ० टक्के पूर्ण', किंवा 'अपडेट ५ पैकी ३ बसवत आहे, कॉम्प्युटर बंद करू नका'. महाराष्ट्रातली ती लोडशेडिंगची वर्षं. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या क्लासमध्ये किंवा झेरॉक्सच्या दुकानात वीज किती वाजता जाणार हे सगळ्यांना पाठ असायचं आणि यूपीएस जेमतेम दहा मिनिटं तग धरायचा. समोर पडदा म्हणतोय, बंद करू नका. पण किती वेळ, हे तो सांगत नाही. पाचपैकी तिसरं अपडेट म्हणजे दोन मिनिटं की वीस? शेवटी माणूस देवावर हवाला ठेवून बसायचा, नाहीतर बटण दाबून धरायचा. काम किती टक्के झालं हे दाखवलं तर लोकांना ते पसंत पडतं, हे संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच प्रयोग करून मांडलं होतं. या पडद्यावर टक्के होते, पण ज्याला वीज जाण्याआधी निर्णय घ्यायचा आहे त्याला टक्क्यांनी काय कळणार? त्याला मिनिटं हवी होती. रीस्टार्टला अंदाजे किती मिनिटं लागतील हे विंडोज ११ च्या पॉवर मेन्यूत लिहून येतं. इतकी साधी गोष्ट, पण यायला फार उशीर झाला.

लिनक्सच्या जगात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने गेला. उबुंटूने २००९ च्या एप्रिलमधल्या ९.०४ आवृत्तीत पॅनेलवरचं अपडेटचं आयकॉन काढून टाकलं आणि त्याऐवजी अपडेटची खिडकीच आपोआप उघडू लागली. वापरणारे नाराज झाले. मला त्यांची नाराजी रास्त वाटते. कोपऱ्यातल्या खुणेकडे सवडीने बघता येतं. आपोआप उघडणारी खिडकी ती सवड देत नाही.

लिनक्स मिंटचा अपडेट मॅनेजर मला या सगळ्यात सर्वात विचारपूर्वक केलेला वाटतो, आणि त्याची चूकही तितकीच शिकण्यासारखी. घड्याळाशेजारच्या ट्रेमध्ये एक ढाल. सगळं ठीक असेल तर हिरव्या रंगात बरोबरची खूण, अपडेट आलं असेल तर निळ्यात 'आय' हे अक्षर. नुसता रंग बदलत नव्हता, आकृतीही बदलत होती, म्हणून लाल-हिरव्यातला फरक ज्यांना कळत नाही त्यांचंही अडत नसे. तपासणी चालू आहे, अपडेट बसतंय, काहीतरी चुकलंय, या प्रत्येक अवस्थेलाही स्वतंत्र चिन्ह. शिवाय प्रत्येक अपडेटला एक ते पाच असा स्तर दिलेला : पहिला पूर्ण भरवशाचा, पाचवा धोक्याचा. नवख्या माणसाचं मशीन बिघडू नये हा हेतू चांगलाच होता. पण चौथा आणि पाचवा स्तर सुरुवातीच्या कित्येक आवृत्त्यांत आपोआप लपलेला असायचा आणि कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, अपडेट्स नेमकी तिथे असायची. म्हणजे कर्नलमधलं भोक बुजवणारं अपडेट येऊन पडलेलं, आणि ट्रेमधली ढाल हिरवीगार. 'बिघडण्याचा धोका' आणि 'न बसवण्याचा धोका' हे दोन वेगळे प्रश्न एकाच आकड्यात कोंबल्यामुळे हे झालं. २०१८ मध्ये १९ व्या आवृत्तीत स्तर गेले आणि त्यांची जागा टाइमशिफ्टने घेतली : आधी सिस्टिमची प्रत काढून ठेवा, बिघडलं तर मागे या, पण अपडेट घ्या.

२०२१ च्या फेब्रुवारीत मिंटच्या मंडळींनी स्वतःच जाहीर केलं की ब्राउझरचं अपडेट आठवड्याच्या आत बसवणारे एक तृतीयांशही नाहीत, आणि २०१९ मध्येच मुदत संपलेली १७ वी मालिका अजून बरेच जण वापरताहेत. या दुसऱ्या गोष्टीची काळजी अधिक. मुदत संपली की नवी अपडेट्स येत नाहीत, आणि येत नाहीत म्हणून मॅनेजरच्या लेखी करायचं काही उरत नाही. सर्वात असुरक्षित मशीनवर सर्वात शांत खूण! नंतरच्या आवृत्त्यांत मुदत संपल्याचा इशारा खिडकीतच दिसू लागला. २०.२ आवृत्तीपासून आठवणही येऊ लागली, पण जपून : एखादं अपडेट कॉम्प्युटर वापरल्याचे सात दिवस किंवा कॅलेंडरचे पंधरा दिवस पडून राहिलं तरच. दर दहा मिनिटांच्या चौकटीनंतर हा संयम मोलाचा वाटतो.

दिवस मोजायची ही कल्पना क्रोम ब्राउझरने आधीच वापरली होती. कोपऱ्यातले तीन ठिपके अपडेट नवं असताना हिरवे, चारेक दिवसांनी नारिंगी, आठवड्याने लाल. अँड्रॉइडने २०१५ मध्ये सेटिंग्जमध्ये सुरक्षा पॅचची तारीखच छापायला सुरुवात केली. मला ही खूण सर्वात प्रामाणिक वाटते. फोन 'अद्ययावत' असल्याचं लिहिलेलं असो, खाली दोन वर्षांपूर्वीचा महिना दिसला की कुणालाही समजतं.

याउलट २०१६ मध्ये विंडोज १० च्या मोफत अपग्रेडची खिडकी आली. तिच्या कोपऱ्यातली फुली दाबली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं. फुली म्हणजे नकार, हे वर्षानुवर्षांचं गृहीतच मोडलं. ओरड झाल्यावर जूनअखेर ती खिडकी बदलली. पण त्यानंतर किती जणांनी अपडेट कायमची बंद करून टाकली असतील, याचा हिशोब कोण ठेवणार? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आला, तेव्हाही इलाज दोन महिने आधी निघालेला होता.

नंतर विंडोजने पॉवर बटणावर छोटा नारिंगी ठिपका दिला आणि मेन्यूत 'अपडेट करून बंद करा' व 'नुसतं बंद करा' असे दोन पर्याय मांडले. माणूस मशीन बंद करायला हात नेतो तिथेच खूण, आणि निर्णय त्याचा. हे चांगलं जमलं आहे. अपडेटच्या पानावरच्या मोठ्या हिरव्या बरोबरच्या खुणेखाली शेवटची तपासणी कधी झाली ते मात्र अजून बारीक अक्षरांत आहे, आणि महिनाभर इंटरनेटला न जोडलेल्या लॅपटॉपवर तीच ओळ आधी वाचायला हवी.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० ची मुदत संपली. त्या महिन्याच्या अपडेटनंतर, ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नोंदणी केली होती अशाही काही मशिन्सवर 'तुमच्या आवृत्तीचा सपोर्ट संपला आहे' असा चुकीचा मजकूर झळकला. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली. अपडेट येत राहणार होती, बसतही होती. चुकला होता तो फक्त पडद्यावरचा मजकूर.