अंगणातले गॅरेज आणि चिऱ्यावरची गाडी

कोकणात घरापुढे थोडेफार अंगण असते, आणि अंगणात गाडी बंद पडली की घरातला प्रत्येक जण मेकॅनिक होतो. त्यातून आखातात आठ-दहा वर्षे वर्कशॉपमध्ये राबून परत आलेला एखादा मामू किंवा चाचा प्रत्येक मोहल्ल्यात असतोच. त्याच्या हातात खरोखर कसब असते. शेजारीपाजारी गाड्या घेऊन येतात आणि हळूहळू त्याच अंगणात एक बिनपाटीचे गॅरेज सुरू होते. भाडे नाही, पागडी नाही, विजेचे बिलही घरचेच. रोजी मिळवण्याचा हा मार्ग आम्हाला मनापासून पसंत आहे. परंतु आखातातल्या वर्कशॉपमध्ये पायाखाली काँक्रीट होते, गाडी उचलायला लिफ्ट होती आणि चुकीचे काही करताना दिसले की ओरडणारा फोरमन होता. अंगणात यातले काहीच नसते. या उणिवेमुळे काय काय घडते ते आमच्या कारागीर बांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेख. यातले निम्मे प्रकार आमच्याच घरचे आहेत, तेव्हा कोणी वाईट वाटून घेऊ नये.

काही वर्षांपूर्वी आमच्या चाचांनी एका ओळखीच्या माणसाची मारुती 800 अंगणात घेतली. मागच्या चाकाचे लायनर बघायचे आणि सायलेन्सरचा तुटलेला क्लॅम्प बदलायचा, एवढेच काम. जुम्याचा दिवस होता. नमाजीआधी उरकून टाकू असे ठरले. डिकीतल्या जॅकने गाडी उचलली, चाक काढले. जॅक डगमगतोय असे वाटल्याने त्याच्या बाजूला दोन चिरे एकावर एक रचून गाडी त्यांच्यावर टेकवली आणि चाचा खाली सरकले. काढलेले चाक पायात येत होते, म्हणून आमच्या भावाने ते उचलून दरवाजाखाली आडवे सरकवून दिले. त्यामागे काही विचार नव्हता, केवळ जागा मोकळी करायची होती. दहा मिनिटांनी चाचांनी गंजलेल्या नटाला खालून जोराचा झटका दिला आणि खालचा चिरा मधोमध फुटला. साडेसहाशे किलोच्या आसपासची ती गाडी खाली आली आणि त्या आडव्या चाकावर थांबली. चाचांची छाती आणि गाडीचा पत्रा यांत चार बोटांचे अंतर राहिले होते. अल्लाहच्या कृपेने त्यांना खरचटलेसुद्धा नाही, पण त्यांना बाहेर ओढल्यावर बराच वेळ कोणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

चिऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. जांभा खाणीतून निघतो तेव्हा कुऱ्हाडीने तासता येईल इतका मऊ असतो, हवा खाऊन तो टणक होतो, आणि आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर उभी आहेत. पण भिंतीत भार सगळ्या चिऱ्यावर सारखा पसरतो. गाडीचा भार बोटाएवढ्या कडेवर येतो, आणि त्यात पान्याचे झटके बसतात. मग चिरा, वीट, सिमेंटचा पोकळ ब्लॉक हे सारे कोणतीही सूचना न देता फुटतात. लाकडाचा जाड ठोकळा निदान कुरकुरतो. जॅकचेही तसेच. डिकीत मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो, गाडीखाली शिरण्यासाठी नव्हे. बाटलीसारखा तेलाचा जॅक दणकट दिसतो, पण त्याचा सगळा जीव आतल्या एका रबरी सीलमध्ये असतो. ते सील गेले की तो बसतो. जॅकने उचलावे आणि लोखंडी स्टँडवर ठेवावे, ही रीत प्रत्येक उस्तादाला ठाऊक असते. स्टँडची जोडी फार तर दोन-तीन दिवसांच्या मजुरीत येते, आणि तरीही दहा अंगणांत फिरलो तर दोन ठिकाणी दिसते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. आपली लाल माती चार सरींनंतर जॅक गिळते. जॅकखाली जाड फळी हवी, आणि तरी उतारावर काम करूच नये. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखाच. जमिनीवर राहिलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी गुटके लावणे हाच खरा ब्रेक. आणि काढलेले चाक दरवाजाखाली आडवे टाकण्याची जी गोष्ट आमच्याकडे चुकून घडली, ती जाणते मेकॅनिक ठरवून करतात. स्टँड असले तरी करतात.

आता थोडे हलके प्रकार. ऑइल बदलणे हे सर्वात सोपे काम समजले जाते, म्हणून त्यात सर्वात जास्त घाण होते. आम्ही एकदा स्वयंपाकघरातली परात चेंबरखाली ठेवली. नट सोडल्यावर ऑइल सरळ खाली पडत नाही, आधी लांब धार मारते, हे आम्हाला धार बाहीत शिरल्यावर कळले. नट हातातून सुटून परातीत बुडाला. तो गरम ऑइलमध्ये चाचपडत असताना परात कलंडली आणि तीन लिटरच्या आसपास काळे ऑइल नुकत्याच सारवलेल्या अंगणात पसरले. अम्मींनी त्या परातीत पुन्हा कणीक मळली नाही, आणि तो विषय घरात अजूनही निघतो. मातीवर लाकडाचा भुसा टाकून ऑइल टिपून घेतले खरे, पण विचार करण्यासारखी बाब पुढेच आहे. जांभा सच्छिद्र असतो आणि आपल्या प्रत्येक घरामागे विहीर असते. जळके ऑइल मातीत ओतणे म्हणजे ते आपल्याच घागरीत ओतणे. 2016 च्या नियमांनुसार वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते आणि ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून मोठ्या वर्कशॉपच्या मालाबरोबर देता येते, आणि वर पैसेही मिळतात.

या साठवण्यातही एक सापळा आहे. कूलंट, ब्रेक ऑइल, बॅटरीचे पाणी हे सगळे आपण पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांत भरून ओट्यावर ठेवतो. कूलंट रंगाला सरबतासारखे आणि चवीला गोड असते, आणि त्यातले ग्लायकॉल मूत्रपिंडे निकामी करते. लहान मुले असलेल्या घरात अशी बाटली उघड्यावर ठेवणाऱ्याला आम्ही कारागीर म्हणणार नाही. तोंडाने नळी ओढून पेट्रोल काढणाऱ्यांचेही तसेच. पेट्रोल पोटात गेले तर त्रास होतो, पण घोटभर फुफ्फुसात उतरले तर जीवावर बेतते. अशा माणसाला मीठ-पाणी पाजून उलटी काढायला लावू नये, कारण उलटीबरोबर ते पुन्हा श्वासनलिकेत जाते. त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

पेट्रोलचे नाव निघाले आहे तर थोडे थांबू. कार्बोरेटर किंवा बेअरिंग पेट्रोलने धुण्याची सवय आपल्याकडे हाडीमाशी खिळली आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत जाते आणि खोलगट जागी साचते. ताटली ओट्यावर आणि चूल दहा-बारा पावलांवर असली तरी आग ताटलीपर्यंत येते. दिसणारी ठिणगीच लागते असेही नाही. फ्रिजचा आपोआप चालू-बंद होणारा स्विच पुरतो. सुटे भाग रॉकेलने किंवा डिझेलने धुवावेत. तेही पेटतात, पण साध्या हवामानात त्यांची वाफ पेट्रोलसारखी धावत नाही. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतले की आग पाण्यावर बसून पसरते. कोरड्या वाळूची बादली किंवा पावडरचा सिलिंडर हाताशी हवा, आणि तो आगीच्या पलीकडे नव्हे तर दाराच्या बाजूला हवा.

बॅटरीबद्दल आपल्या लोकांत एक बेफिकिरी आहे. बारा व्होल्टने काय होते, असे म्हणतात. शॉक बसत नाही हे खरे. पण दोन टोकांमध्ये पाना आडवा पडला तर शेकडो अँपिअरचा प्रवाह त्यातून जातो आणि पाना लाल होतो. तेच बोटातल्या अंगठीचे किंवा घड्याळाच्या धातूच्या पट्ट्याचे झाले तर बोट भाजून निघते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी अंगठी खिशात. काढताना आधी निगेटिव्हची वायर काढावी आणि बसवताना ती शेवटी बसवावी. तसे केले तर पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी पडत नाही. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो बंद खोलीत साचला तर एका ठिणगीने बॅटरी फुटते आणि ॲसिड तोंडावर येते. डोळ्यात गेले तर वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे डोळा धरून मगच डॉक्टरकडे निघावे. कपड्यांचे दुःख त्या मानाने किरकोळ, पण सांगितलेच पाहिजे. आमचा ईदचा नवा सदरा बॅटरी उचलताना अगदी कोरा दिसत होता. धुतल्यावर पोटाच्या जागी चाळण झाली.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे सर्वांना ठाऊक असते आणि सर्वजण उघडतात. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि त्याच क्षणी ते उकळून उसळते. फडके धरले म्हणून काही वाचत नाही. अर्धा तास थांबावे, चहा प्यावा. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नये. वीस मिनिटे नळाखाली धरावे. बोनेट उघडे असताना आणखी एक भान हवे. अनेक गाड्यांचा विजेवर चालणारा पंखा चावी बंद असली तरी अचानक फिरू लागतो. सैल बाही, गळ्यातला रुमाल, लोंबणारी ओढणी यांना तेथे काम नाही.

पाऊस कोसळत असला की माणूस गाडी शेडमध्ये घेतो, शटर ओढतो आणि इंजिन चालू ठेवून आवाज ऐकत बसतो. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. डोके जड होते, मळमळते, झोप येते, आणि उपाशीपोटी काम केल्याने असे झाले असे वाटते. शटर अर्धे उघडे ठेवणे पुरेसे नाही. इंजिन चालू करायचे तर गाडी बाहेर.

22 जुलै 2021 रोजी चिपळूणला वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले तेव्हा असंख्य गाड्या बुडाल्या. पाणी ओसरल्यावर घाईने चावी फिरवण्याचा मोह अशा वेळी कोणालाही होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की कनेक्टिंग रॉड वाकतो. बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवावी, प्लग काढून पाणी बाहेर काढावे, ऑइल दुधाळ झाले असेल तर बदलावे, त्यानंतर चावी. ग्राहक दाराशी उभा राहून घाई करत असला तरीही.

नव्या गाड्यांची गोष्ट निराळी. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला, हायब्रिड किंवा बॅटरीवरच्या गाडीतल्या नारिंगी केबलला आणि सीएनजीच्या 200 बार दाबाच्या सिलिंडरला अंगणात हात लावू नये. ज्याने शिक्षण घेतले आहे त्याच्याकडे गाडी पाठवावी. त्यात कमीपणा नाही. आणि शागीर्द म्हणून जो मुलगा ठेवाल तो चौदा वर्षांखालचा असू नये, हा कायदा आहे. त्याच्या पायात चपला नकोत, बूट हवेत, हे आमचे म्हणणे.

आता हिशेबाचे बोलू. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या गॅरेजला राज्य विमा योजना सहसा लागू होत नाही, म्हणजे हात मोडला तर खर्चही आपला आणि बुडालेली मजुरीही आपली. केंद्र सरकारची 2015 साली सुरू झालेली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र कोणाही बँक खातेदाराला घेता येते. वय 18 ते 70, हप्ता जून 2022 पासून वर्षाला 20 रुपये. अपघाती मृत्यू किंवा दोन्ही हात, दोन्ही डोळे गेल्यास 2 लाख, एक हात किंवा एक डोळा गेल्यास 1 लाख. विम्याबाबत ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. आम्ही येथे केवळ माहिती देत आहोत. मुदत 1 जून ते 31 मे अशी असते आणि हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो, तेव्हा मे अखेरीस खात्यात तेवढी रक्कम असल्याची खात्री करून घ्यावी. खाती दोन बँकांत असली तरी संरक्षण एकाच खात्यावर मिळते.