कुत्र्यामांजरांचें वंध्यीकरण : एक भूतदयेचें कर्तव्य



आमच्या जासईसारख्या उरण तालुक्यांतील गांवांत कुत्रें राखणीसाठीं आणि मांजर उंदरांसाठीं पाळण्याची रीत जुनी आहे. परंतु त्यांस पिलें झालीं म्हणजे घरधनी विवंचनेंत पडतो. आणि मग तीं पिलें गोणपाटांत घालून बाजारांत अथवा हमरस्त्याच्या कडेस सोडलीं जातात. त्यांतलीं कित्येक उपासानें वा वाहनाखालीं मरतात. हें टाळण्याचा उपाय म्हणजे वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया.

कुत्री वर्षांतून बहुधा दोनदां माजावर येते व सुमारें ६३ दिवसांनीं विते. मांजर तर चार-पांच महिन्यांची असतांनाच गाभण राहूं शकते. शस्त्रक्रियेंत मादीचें अंडाशय व बहुधा गर्भाशयहि काढतात. नराचे वृषण काढतात. पूर्ण भूल दिलेली असल्यामुळें त्या वेळीं जनावरास वेदना होत नाहींत.

यापासून दुसरेहि लाभ आहेत. गर्भाशयांत पू होण्याचा प्राणघातक विकार टळतो. पहिल्या माजापूर्वीं शस्त्रक्रिया झाल्यास कुत्रीस स्तनांचा कर्करोग होण्याची भीति पुष्कळ कमी होते. बोक्याचें भटकणें व मारामाऱ्या कमी होतात. मात्र पुढें अंगीं चरबी वाढूं लागते, म्हणून आहार बेताचा ठेवावा. योग्य वय पशुवैद्यासच विचारावें. थोराड जातीच्या कुत्र्यांत हाडांची वाढ होईपर्यंत थांबणें कधीं कधीं हितावह असतें.

शस्त्रक्रियेपूर्वीं वैद्य सांगतील तितका वेळ उपाशी ठेवावें. नंतर दहा ते चौदा दिवस धांवूं देऊं नये, न्हाऊं घालूं नये, जखम चाटूं देऊं नये. जखम सुजली, रक्त आलें किंवा अन्न सुटलें तर तत्काळ वैद्य गांठावा.

याउलट हौसेखातर शेपूट तोडणें, कान कापणें, मांजरीचीं नखें मुळासकट काढणें हे प्रकार सर्वस्वी त्याज्य होत. नखें काढतांना बोटांचीं शेवटचीं हाडेंच कापलीं जातात!

मुंबईंत १८३२ सालीं भटकीं कुत्रीं मारण्यावरून दंगल उसळली होती. पुढें २००१ सालीं केंद्र सरकारनें कुत्र्यांच्या संततिनियमनाचे नियम केले. त्यांच्या जागीं २०२३ सालीं नवे आले. त्यांनुसार शस्त्रक्रियेबरोबर रेबीजची लसहि टोंचली जाते, आणि खूण म्हणून कानास खांच पाडतात. परळचें बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय तर एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांची शुश्रूषा करीत आलें आहे.

कित्येक म्हणतात, निसर्गाच्या क्रमांत हात घालणें पाप आहे. पण रान सोडून हा प्राणी आपल्या दाराशीं आला, तेव्हांच त्याच्या अन्नाचा भार आपण पत्करला. जीं पिलें आपण पोसणार नाहीं तीं जन्मास येऊं देणें आणि मग रस्त्यावर टाकणें, यांत पुण्य तें कोणतें? याचा विचार प्रत्येकानें आपल्या घरीं अवश्य करावा.