रामदेवरायानंतरची अडीचशे वर्षं

वऱ्हाडात कुळाचा विषय निघाला की बोलणं सिंदखेड राजाला पोचतंच. बुलडाणा जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जिजाऊंचं माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधवराव हे देवगिरीच्या यादवांचे वंशज, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. ‘यादव’चं ‘जाधव’ होणं मराठीला अवघड नाही. यात्रेची जत्रा झाली, योग्याचा जोगी झाला, तसंच.

गंमत अशी, की खुद्द यादवांनाही कुणाचे तरी वंशज व्हायचंच होतं. ते स्वतःला ‘द्वारावतीपुरवराधीश्वर’, म्हणजे द्वारकेचे धनी, म्हणवीत. रामदेवरायाच्या दरबारातल्या हेमाद्रीनं त्यांची वंशावळ लिहिली. यादव आपलं मूळ कृष्णाच्या यदुकुळात सांगत. रुक्मिणीचं माहेर आमच्या अमरावती जिल्ह्यातलं कौंडिण्यपूर मानतात. तेव्हा हे सगळे आमचे सोयरेच म्हणायचे!

पण मध्ये एक खिंडार आहे. 1318 साली हरपाळदेव मारला गेला आणि यादवांचं राज्य संपलं. लखुजी निजामशाहीत नावारूपाला आले ते सोळाव्या शतकाच्या अखेरीस. मधली अडीचशे वर्षं वंशावळी नावांनी भरून काढतात. पण देवगिरीच्या राजांमागे शिलालेख, ताम्रपट उभे आहेत, तसे या नावांमागे नाहीत. म्हणून दावा खोटा, असं मी म्हणत नाही. सिद्ध झाला, असंही म्हणवत नाही.

माझ्या मते वंशावळ पूर्वजांपेक्षा ती लिहवून घेणाऱ्याची गरज जास्त सांगते. बखरी सांगतात, शहाजी-जिजाऊंच्या सोयरिकीला जाधवांच्या घरात आढेवेढे घेतले गेले, कारण भोसले बरोबरीचे वाटेनात. पुढे 1674 साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला क्षत्रियत्वाचा आधार हवा झाला, तेव्हा भोसल्यांचं कुळ मेवाडच्या सिसोदियांशी जोडलेलं दाखवलं गेलं. तलवारीनं मिळवलेलं राज्यही कागदावाचून अपुरं मानणारा तो काळ.

आणि मोठं कुळ जीव वाचवतं असंही नाही. 1629 साली निजामशहाच्या दरबारात लखुजींना मुलांसह, नातवासह दगा देऊन मारलं. जागा दौलताबाद, म्हणजे जुनी देवगिरीच.

हे वेड कुण्या एका समाजाचं नाही. आमच्या घरांत शजरा जपतात आणि तो अरबस्तानापर्यंत नेतात. त्यावर आमच्यातच एक जुनी थट्टा आहे : आधी विणकर होतो, मग शेख झालो, धान्याला भाव आला तर यंदा सय्यद होईन. तिकडे आयर्लंडमध्ये ओ’नील घराणी नियाल नावाच्या राजाचं नाव सांगतात. तिथल्या मठवासी लेखकांनी तर राजांची मुळं थेट हजरत नूहपर्यंत नेली. उलट 1490च्या सुमारास अचलपूरची इमादशाही उभी करणारा फतहुल्ला मुळात विजयनगरकडचा ब्राह्मण मुलगा होता, असं फरिश्ता लिहितो. त्याचं राज्य काही त्यामुळे अडलं नाही.

आज गरज बदलली आहे. 2023 साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली ती राजाचा वंश शोधायला नव्हे, तर जुन्या कागदांतली ‘कुणबी’ ही नोंद शोधायला. ज्या ओळीकडे पूर्वी कुणी ढुंकून पाहत नव्हतं, तिच्यावर आता पोराबाळांचं शिक्षण आणि नोकरी ठरते.

तुम्हाला स्वतःचं घराणं शोधायचं असेल, तर भाटाच्या आधी तहसिलातलं कोतवाल बुक गाठा. शाळेचा दाखलखारीज रजिस्टर पाहा. मोडी वाचणारा माणूस सोबत न्या. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांत पणजोबांची सहीही सापडू शकते. मात्र वंशवृक्षात लेकींना सहसा फांदी नसते. सिंदखेडला दर 12 जानेवारीला लाखोंची गर्दी होते ती एका लेकीसाठी, ही गोष्ट वेगळी. आजीचं, पणजीचं माहेर हवं असेल तर घरातल्या म्हातारीलाच विचारावं लागेल, आणि तेही लवकर.