ताई, तुम्ही पण इथल्याच ना?

कोविडच्या आधीची, म्हणजे २०१९ ची गोष्ट. आमच्या कंपनीत जर्मनीहून एक पाहुणा येणार होता. पन्नाशीचा, सहा फुटी, अतिशय सज्जन माणूस. त्याला मुंबई एअरपोर्टवरून नाशिकला घेऊन यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. ('तुझं इंग्लिश चांगलं आहे ना' एवढं म्हटलं की ऑफिसात कुणाच्याही गळ्यात काहीही मारता येतं. अनुभव असेलच तुम्हाला.)

चार तासांचा रस्ता. हवापाण्याच्या गप्पा भिवंडी बायपासलाच संपल्या. पुढे काय बोलायचं? मग मी आपल्या देशाला वेठीला धरलं. खड्डे दाखवले. रस्त्यावरचे पांढरे पट्टे हे लेन पाळण्यासाठी नसून रांगोळीसारखे शोभेसाठी असतात, असं सांगितलं. समोरून राँग साइडने ट्रक आला, तेव्हा म्हटलं, तोही बरोबरच आहे, फक्त त्याच्या बाजूने! पाहुणा खो खो हसत होता. मला चेव चढला. कसारा घाट चढेपर्यंत माझा स्टँडअपचा अख्खा शो झाला होता आणि प्रत्येक जोकच्या शेवटी माझं पालुपद ठरलेलं, 'दीज पीपल विल नेव्हर लर्न!'

ड्रायव्हर समोर बघून गाडी चालवत होता. तो काही हसला नाही. त्याला इंग्लिश येत नसेल, असं मी धरून चालले.

तीन दिवसांनी गंगापूर धरणाच्या बाजूला एका वायनरीत डिनर होतं. वायनरीत डिनर हे आता नाशिकच्या ऑफिसांमध्ये साखरपुड्याइतकं कंपल्सरी झालंय. सूर्यास्त झाला, सगळ्यांच्या हातात ग्लास आले आणि आमचा पाहुणा रंगात आला. त्याने आठ-दहा जणांना गोळा करून रांगोळीचा जोक सांगितला. मग ट्रकचा सांगितला. आणि शेवटी, अगदी माझ्याच सुरात, 'दीज पीपल विल नेव्हर लर्न!'

सगळे हसले. माझे मात्र कान तापले.

आणि मग मी जे काही केलं, ते आठवलं की आजही उशीत तोंड लपवावंसं वाटतं. मी तावातावाने मंगळयान काढलं. २०१४ साली, पहिल्याच प्रयत्नात, हॉलिवूडच्या सिनेमापेक्षा कमी खर्चात! मग शून्याचा शोध काढला. मग आर्यभट. मी योगासनांपर्यंत पोचले, तेव्हा पाहुण्याचा चेहरा पडला होता. तो हळूच म्हणाला, 'बट... इट वॉज युअर जोक.'

टेबलावर शांतता. वेटरसुद्धा थांबला.

बिचाऱ्यानेच मग सावरून घेतलं. म्हणाला, आमच्या बर्लिनच्या नव्या विमानतळाची गंमत ऐका. २०१२ च्या जूनमध्ये सुरू व्हायचं होतं. महिनासुद्धा उरला नव्हता आणि आगीपासून बचावाच्या यंत्रणेत गोची निघाली. उद्घाटन रद्द. सात वर्षं झाली, अजून एक प्रवासी चढलेला नाही. 'आणि आम्ही जर्मन जगाला वेळ पाळायला शिकवतो!' (ते विमानतळ शेवटी २०२० च्या ऑक्टोबरअखेर उघडलं. तेव्हा जग लॉकडाऊनमध्ये होतं आणि विमानं जमिनीवर. जोकला याहून भारी शेवट कुणाला सुचला नसता.)

घरी परतताना गाडीत मी एकटीच होते. ड्रायव्हर तोच. द्वारका सर्कल ओलांडल्यावर तो म्हणाला, 'ताई, एक विचारू का? राग नका मानू.'

'विचारा ना दादा.'

'तुम्ही पण इथल्याच ना?'

मला कळेना. तो म्हणाला, 'नाही, त्या दिवशी घाटात तुम्ही बोलत होत्या ना, इंडियन लोक असे, इंडियन लोक तसे. आपल्याला इंग्लिश काय येत नाही एवढं. पण 'इंडियन' कळतं.'

पुढचे दहा मिनिटं मी मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. वाचत काहीच नव्हते.

रात्री झोप येईना, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पाहुण्याने स्वतःच्या देशाची टर उडवली तेव्हा तो 'आम्ही' म्हणाला होता. मी माझ्या देशाची उडवली तेव्हा 'हे लोक' म्हणाले होते. जणू मी कसारा घाटात पर्यटक म्हणून आले होते! खड्डे त्यांचे, हॉर्न त्यांचा, राँग साइड त्यांची. मी मात्र एसी गाडीत, पाहुण्याच्या बाजूच्या सीटवर. मग वायनरीत त्याने 'हे लोक' म्हटलं, तर त्याचं काय चुकलं? मीच त्याला शब्द पुरवला होता. खरं तर आपल्या मराठीत एक सोडून दोन-दोन 'वी' आहेत. समोरच्याला बाहेर ठेवणारा 'आम्ही' आणि त्याला कवेत घेणारा 'आपण'. दोन्ही सोडून मी तिसराच निवडला.

आणि मी कोणत्या घरातली? माझं घर नाशिकरोडला. बाबा प्रेसमधून रिटायर झालेले. नाशिककरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते, 'प्रेस' म्हणजे वर्तमानपत्र नाही. १९२५ सालची इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि तिच्या शेजारी १९२८ ची करन्सी नोट प्रेस. पासपोर्ट, पोस्टाची तिकिटं, स्टॅम्प पेपर, नोटा. म्हणजे देशाची इभ्रत जिथे रीतसर कागदावर छापली जाते ते ठिकाण. आमच्या लहानपणी कॉलनीतला हिट जोक होता, 'आमचे बाबा दिवसाला कोट्यवधी छापतात, पण पंचवीस तारखेला दूधवाला आला की आतल्या खोलीत जातात.' हा जोक बाबांनीच केलेला. पण कुणी पाहुण्याने केला की बाबा नुसतं 'हं' म्हणायचे.

मग तेलगी प्रकरण आलं. २००३ च्या सुमारास रोज पेपरात तेच. निकालात काढलेली छपाईयंत्रं नाशिकच्या प्रेसमधून तेलगीने मिळवली आणि त्यावर बनावट स्टॅम्प पेपर छापले, हे बाहेर आलं. मी कॉलेजात होते. मित्रमैत्रिणी जाम खेचायच्या, 'काय गं, ओरिजिनल पण नाशिकचं आणि डुप्लिकेट पण नाशिकचंच?' मी घरी येऊन सांगायचे, बाबा गप्प. कित्येक महिने त्या विषयावर चकार शब्द नाही. आईने आम्हाला सांगून ठेवलं होतं, त्यांच्यासमोर काढायचं नाही.

एका रविवारी जेवताना टीव्हीवर परत तीच बातमी लागली. आई रिमोट शोधायला लागली. बाबांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, 'बघितलंस? आमचं भंगारसुद्धा किती टॉप क्वालिटीचं असतं.'

आम्ही हसून हसून बेजार. पण हसता हसता बाबांनी डोळे पुसले ते नुसत्या हसण्याने नव्हे, एवढं त्या वयातही मला कळलं. आयुष्यभर सुटताना गेटवर झडती दिलेला माणूस होता तो, एक चिठोरं कधी बाहेर आणलं नाही. तो जोक करायला त्यांना एवढे महिने लागले होते.

सांगायचा मुद्दा, ज्याला अभिमान नाही त्याला असा जोक सुचतच नाही. माझं हे काही फार मोठं संशोधन नाही. मराठीत तर ही जुनीच खानदानी परंपरा आहे. 'बहु असोत' हे महाराष्ट्रगीत आपण शाळेत छाती फुगवून म्हटलं. ते लिहिलं श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी. आणि 'सुदाम्याचे पोहे' लिहून मराठी विनोदाचा पाया कुणी घातला? त्याच कोल्हटकरांनी! वऱ्हाडातला वकील माणूस. सुदामा, बंडूनाना आणि पांडुतात्या या तिघांना हाताशी धरून त्यांनी आपल्याच समाजाची सोवळी-ओवळी, ज्योतिष, कर्मकांडं अशी काही सोलून काढली की विचारू नका. चोरांचं संमेलनही भरवलं. दुसरं महाराष्ट्रगीत लिहिणारे राम गणेश गडकरी. कवितेत गोविंदाग्रज, विनोदात बाळकराम. तिसरे आचार्य अत्रे. 'झेंडूची फुले'मध्ये आपल्याच काळातल्या कवींची यथेच्छ टवाळी करणारे अत्रे पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी रान उठवतात. अभिमान आणि खिल्ली ही दोन वेगळी खाती आहेत, असं यांच्यापैकी कुणालाच वाटलेलं दिसत नाही. ते आपल्यालाच केव्हापासून वाटायला लागलं, देव जाणे.

आणि लांब कशाला, आमचे तात्यासाहेब घ्या. कुसुमाग्रज. नाशिककरांचा वीक पॉइंट. त्यांच्या वाढदिवसाला, २७ फेब्रुवारीला, अख्खा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो आणि त्या दिवशी आमची कॉलर थोडी जास्तच टाइट असते. १९४२ च्या 'विशाखा'त 'क्रांतीचा जयजयकार' लिहिणारा हा कवी. ती कविता अजूनही मोठ्याने म्हटली की अंगावर काटा येतो. आणि त्याच हाताने स्वातंत्र्यानंतर लिहिलेली 'अखेर कमाई' वाचली आहेत? मध्यरात्री शहरातले महापुरुषांचे पुतळे एकत्र जमतात आणि रडतात. फुले, शिवाजी महाराज, आंबेडकर, टिळक. प्रत्येकाची तक्रार एकच, मी एका जातीपुरता उरलो. गांधीजींना तर गळ्यातला गहिवर आवरावा लागतो. कारण त्यांच्या वाट्याला तेवढंही आलेलं नाही. आल्या त्या सरकारी कचेऱ्यांमधल्या भिंती.

वाचताना पहिल्यांदा फस्सकन हसू येतं. मग ते घशात अडकतं. (भिंती कमी पडल्या म्हणून की काय, १९९६ पासून गांधीजी नोटांच्या नव्या मालिकेवर आले. त्यातल्या कितीतरी नोटा आमच्या नाशिकरोडला छापल्या. तात्यासाहेबांच्या घरापासून फार तर अर्ध्या तासावर.)

आता ही कविता आज एखाद्या पोराने लिहून इन्स्टावर टाकली तर काय होईल, याची कल्पना करा. नको, नकाच करू.

आपला देश या बाबतीत मूडी आहे, हे मान्य करायला हवं. आर. के. लक्ष्मणांनी १९५१ पासून पुढची अनेक दशकं रोज सकाळी कॉमन मॅनच्या डोळ्यांनी सरकारची आणि आपली सगळ्यांची फिरकी घेतली. देशाने त्यांना २००५ साली पद्मविभूषण दिलं. ते गेले तेही २६ जानेवारीला, २०१५ साली, पुण्यात. आणि त्याच महाराष्ट्रात २०१२ च्या सप्टेंबरमध्ये असीम त्रिवेदी या व्यंगचित्रकाराला थेट देशद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. का, तर त्याने भ्रष्टाचारावर चित्रं काढताना राष्ट्रचिन्हं वापरली. महिन्याभरात सरकारने ते कलम मागे घ्यायची तयारी दाखवली, पण व्हायचा तो तमाशा झाला होता. मला स्वतःला ती चित्रं आवडली नव्हती. जरा भडक वाटली. पण चित्र न आवडणं वेगळं आणि पोलीस बोलावणं वेगळं.

२०२१ मध्ये वीर दासचं वॉशिंग्टनमधलं 'टू इंडियाज' गाजलं, तेव्हा आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये उभे दोन तट पडले. एक गट म्हणे, खरं तेच बोलला. दुसरा म्हणे, बोल ना, पण परक्यांच्या घरात कशाला? दुसऱ्या गटाला मी पूर्वीसारखं हसले नाही. वायनरीतले माझे तापलेले कान आठवले. पण नंतर तो व्हिडिओ परत बघितला. तो 'हे लोक' म्हणत नाही. 'मी अशा भारतातून आलोय' असं म्हणतो, पुन्हा पुन्हा. मी माझं मत पहिल्या गटाच्या पारड्यात टाकलं. चहा गार झाला होता.

तर, आमचा पाहुणा. पाचव्या दिवशी त्याला परत एअरपोर्टला सोडायचं होतं. खरं तर मी टाळू शकले असते, पण गेले. ड्रायव्हरदादा तेच. इगतपुरीपर्यंत तिघेही गप्प. घाट उतरून जरा पुढे गेल्यावर एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की पाहुण्याचं डोकं टपाला लागलं. मी आपोआप तोंड उघडलं आणि मिटलं.

आरशात बघत दादाच म्हणाले, 'साहेबांना सांगा ताई, खड्डे मुद्दाम ठेवलेत आपण. नाहीतर पाहुणे झोपतात, आणि आपला देश बघायचा राहून जातो.'

मी हसले. पाहुण्याने विचारलं, काय म्हणाला तो?

मी इंग्लिशमध्ये सांगायला सुरुवात केली. 'ही सेज, वी...'