न वटवलेल्या हुंड्या

कॅसिनोची चिप तुम्ही पैसे मोजून घेतली तरी ती तुमची होत नाही. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या नियमावलीत हे स्वच्छ लिहिलं आहे: चिप कॅसिनोच्याच मालकीची, तुमचं आहे ते तिच्यावर लिहिलेल्या रकमेचं येणं. म्हणजे दर्शनी हुंडीच ती. खिडकीवर दाखवा, पैसे घ्या आणि चालू लागा. प्रवासात चिप्स जमवणारे आम्ही लोक या हुंड्या जाणूनबुजून न वटवता घरी आणतो, आणि कॅसिनोवाले आम्हाला अडवत नाहीत. का अडवतील? पाच डॉलरची चिप माझ्या कपाटात राहिली, तर ती घडवायला आलेला किरकोळ खर्च वजा जाता बाकीचे पैसे त्यांचेच.

नेवाडात जुगार 1931 साली कायदेशीर झाला. पण कित्येक वर्षं यंत्रांत आणि टेबलांवर चांदीचे खरे डॉलरही सर्रास चालत. 1964 च्या सुमारास चांदी महागली, लोकांनी ती नाणी घरात दाबून ठेवली आणि पुढच्याच वर्षी कॅसिनोंना स्वतःची धातूची टोकनं पाडून घ्यावी लागली. तेव्हा या वस्तूंना कुणी जपण्याजोगं मानत नव्हतं. लास व्हेगासमध्ये त्या चलनासारख्याच फिरत. रविवारी चर्चच्या दानपात्रातही पडत, अजूनही पडतात. संग्राहकांचा अमेरिकी क्लब निघाला तो 1988 मध्ये, आणि लगेच पुढच्या दशकात जुनं व्हेगास जमीनदोस्त व्हायला लागलं.

या पाडापाडीनेच छंदाला खरा जोर आला. 27 ऑक्टोबर 1993 ला ‘ड्यून्स’ हे कॅसिनो-हॉटेल सुरुंग लावून पाडलं. नव्या ‘ट्रेझर आयलंड’ कॅसिनोच्या जहाजावरून तोफ डागल्याचा देखावा करून, आतषबाजीसह! 1995 मध्ये ‘लँडमार्क’ गेलं, 1996 च्या नोव्हेंबरात ‘सँड्स’, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री ‘हॅसिएंडा’. मग ‘डेझर्ट इन’, 2007 मध्ये ‘स्टारडस्ट’. कॅसिनो बंद होताना चिप्स वटवायला ठरावीक मुदत द्यावी लागते आणि परत आलेला साठा नष्ट करावा लागतो. त्यामुळे मुदत टळल्यावर उरतं ते फक्त लोकांच्या खिशात राहून गेलेलं. जुन्या चिप्सची दुर्मीळता संग्राहकांनी घडवलेली नाही. ती विसराळू प्रवाशांची करणी आहे. कुणाच्या तरी कोटाच्या खिशात, सूटकेसच्या अस्तरात, टेबलाच्या खणात एक हुंडी पडून राहिली आणि ती देणारी पेढीच एके दिवशी धुळीला मिळाली.

हे कॅसिनोंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. नव्वदच्या दशकात स्मरणार्थ चिप्सचा पूर आला: नवं वर्ष, मुष्टियुद्धाची लढत, वर्धापनदिन, काहीही निमित्त पुरे. 1995 मध्ये उघडलेल्या ‘हार्ड रॉक’ने तर चिप्सवर रॉक संगीतातली मंडळीच आणली आणि पर्यटकांनी त्या हौसेने घरी नेल्या. मला या चिप्सबद्दल कधी ममत्व वाटलं नाही. जी वस्तू जपली जावी म्हणूनच बनते आणि सगळेच जपतात, ती दुर्मीळ होणार कशी? त्यापेक्षा टेबलावर झिजलेली, कडा गोल झालेली, असंख्य हातांचं मेण चढलेली लाल पाचाची चिप बरी. अमेरिकी चिप माती मिसळलेल्या मिश्रणाची, दाबून घडवलेली. कडेवरचे रंगीत पट्टे नुसत्या शोभेचे नसतात. चळत उभी असताना छतावरच्या कॅमेऱ्याला किंमत त्यांच्यावरून कळते. पॉलसन कंपनीच्या चिपच्या कडेने टोपी आणि काठीची ठसेदार नक्षी असते, ती अंगठ्याला अंधारातही ओळखू येते. युरोपात मोठ्या रकमांसाठी आयताकृती फलक वापरतात. दिसायला देखणे, पण त्यांची किंमत पाहून मुकाट्याने परत ठेवावे लागतात.

आपल्याकडच्यांसाठी दीर्घकाळ जवळचं ठिकाण काठमांडू होतं. तिथला ‘कॅसिनो नेपाळ’ 1968 चा. नेपाळी नागरिकांना खेळायला मनाई, भारतीयांना मुक्तद्वार आणि हिशेब भारतीय रुपयांत.

तिकडे व्हेगासमध्ये चिपही बदलत होती. 2005 मध्ये ‘विन लास व्हेगास’ उघडलं ते पोटात रेडिओ-खूण असलेल्या चिप्स घेऊनच. नाण्यांच्या यंत्रांतून कागदी तिकिटं येऊ लागली आणि टोकनं तर जवळजवळ संपलीच. त्यात डिसेंबर 2010 मध्ये एक हेल्मेटधारी ‘बेलाजिओ’तून सुमारे पंधरा लाख डॉलरच्या चिप्स लुटून मोटारसायकलवर पसार झाला. कॅसिनोने काय केलं? पंचवीस हजारांच्या चिप्सची ती मालिकाच रद्द करत असल्याचं जाहीर केलं आणि एप्रिल 2011 पर्यंतची मुदत दिली. त्यानंतर त्या चकत्यांना टेबलावर काडीची किंमत उरली नाही. चोर मुदत संपायच्या आधीच त्या विकायच्या खटपटीत सापडला. हुंडी लिहिणाराच ती मोडूही शकतो, हे आम्हाला त्या वेळी फार ठळकपणे दिसलं. 2024 मध्ये ‘ट्रॉपिकाना’ आणि ‘मिराज’ बंद झाली, पण तोवर लोक शहाणे झाले होते. आता कुणी विसरून काही नेत नाही; सगळे ठरवून नेतात.

गोव्यातली गोष्ट निराळी. 1976 चा जुगारविरोधी कायदा, त्यात सूट देणाऱ्या 1992 आणि 1996 च्या दुरुस्त्या, मग मांडवी नदीतली कॅसिनोंची जहाजं. 2020 च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोवेकरांना खेळायला बंदी. प्रवेशाच्या पैशात मिळणाऱ्या चिप्स बहुधा खेळण्यापुरत्याच असतात, वटत नाहीत. म्हणजे ती मुळात हुंडीच नव्हे. पैशाने घ्याव्यात, तर ऑक्टोबर 2023 पासून चिप्स घेतानाच पूर्ण रकमेवर अठ्ठावीस टक्के जीएसटी लागू झाला, आणि सप्टेंबर 2025 पासून चाळीस टक्के. न खेळता नुसती आठवण म्हणून आणलेल्या चिपवरही तो भरायचाच.

आणि महाराष्ट्र? कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर बसवण्याचा कायदा आपल्याकडेही 1976 मध्येच झाला होता. तो अमलात कधी आला नाही आणि 2023 मध्ये विधिमंडळाने रद्दच केला. सत्तेचाळीस वर्षांत त्याच्या नावाने एकही चिप निघाली नाही. संग्रहात मी महाराष्ट्रासाठी कप्पा ठेवला होता. त्यात आता काठमांडूच्या जादा चिप्स ठेवतो.