युरियाच्या पोत्यावरचं रसायनशास्त्र

अकरावी सायन्सचे प्रवेश सुरू झाले की पालक हमखास विचारतात, "मॅडम, केमिस्ट्रीला पाठांतर फार असतं का हो?" मी शिरूर तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय शिकवते आणि राहते दौंड तालुक्यात, केडगावच्या बाजूला. माझी बरीचशी मुलं ऊस-कांदा पिकवणाऱ्या घरांतली, काहींचे वडील रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला. त्यांना मी सांगते: पाठांतर आहे, पण ते सगळ्यात शेवटी. आधी हिशेब, मग प्रयोगशाळेतला हात, मग पाठांतर. हा क्रम उलटा झाला की बारावीत मूल रडकुंडीला येतं.

अकरावीचं सध्याचं पुस्तक २०१९चं, बारावीचं २०२०चं. प्रत्येकात १६ प्रकरणं. मुलं त्यांचे तीन गठ्ठे करतात: फिजिकल, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक. दहावीला मराठी माध्यमातून 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' शिकलेलं मूल एकदम इंग्रजी पुस्तकासमोर बसतं, त्यामुळे पहिले दोन महिने जड जातात. ते साहजिक आहे. त्या दोन महिन्यांत मूल गप्प बसलं तर घाबरू नये. पण त्याच काळात वर्गात मोल शिकवला जातो आणि तो मात्र सुटता कामा नये.

मोल म्हणजे कणांची ठरलेली संख्या, ६.०२२ गुणिले १० चा तेविसावा घात. अणू मोजता येत नाहीत, वजन करता येतं. वजनावरून संख्या काढायची ही युक्ती. मी ती युरियाच्या पोत्यावर शिकवते. युरियाच्या एका मोलचं वस्तुमान ६० ग्रॅम, त्यात नायट्रोजन २८ ग्रॅम. भागाकार केला की ४६.७ टक्के येतात, आणि पोत्यावर ४६ टक्के छापलेलं असतं. म्हणजे ४५ किलोच्या पोत्यातून रानात जेमतेम २१ किलो नायट्रोजन जातो. मग डीएपी घेतो. त्यावर १८:४६ लिहिलेलं असतं. पन्नास किलोच्या गोणीत फॉस्फरस किती? सगळा वर्ग २३ किलो म्हणतो. पण तो आकडा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा आहे. त्याच्या १४२ भागांत फॉस्फरस ६२ भाग. हिशेब केला की गोणीत फॉस्फरस भरतो १० किलोच. हे गणित घरी जाऊन वडिलांना समजावून सांगणारी मुलगी पुढे कुठल्याही उदाहरणाला अडत नाही, हा माझा अनुभव आहे. आणि ही उदाहरणं हाताने सोडवावी लागतात. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. अकरावीत लॉग टेबलशी मैत्री झाली नाही तर बारावीत पद्धत बरोबर असूनही उत्तर चुकतं.

न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येताना पारगावला भीमा ओलांडली की गुऱ्हाळं लागतात. बारावीच्या निम्म्या फिजिकल केमिस्ट्रीचे धडे त्या चुलवणावर मिळतात, असं मी ठामपणे म्हणते. पाणी १०० अंशांना उकळतं, पण काहिलीतला पाक ११८ अंशांच्या आसपास उतरवतात. विरघळलेल्या पदार्थामुळे उत्कलनबिंदू वाढतो, हे 'सोल्युशन्स'मधलं तत्त्व. (पुस्तकातलं सूत्र विरल द्रावणांपुरतं आहे, घट्ट पाकाला ते तसंच लावायचं नाही. हेही मुलांना त्याच वेळी सांगावं लागतं.) गुळव्याकडे थर्मामीटर नसतो. तो थेंबभर पाक गार पाण्यात टाकतो, बोटांनी गोळी वळून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो.

त्याआधी रसात चुन्याची निवळी पडलेली असते. का? उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी. आम्लात उष्णता मिळाली की साखरेचा रेणू पाण्याबरोबर फुटतो, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि त्यांचं प्रमाण वाढलं की ढेप नीट बसत नाही, गूळ चिकट राहतो. तोडून शिळ्या झालेल्या उसाचीही हीच अडचण. चुना आम्लता कमी करतो, फुटण्याचा वेग मंदावतो. आता गंमत बघा: अभिक्रियेचा वेग पहिल्यांदा काटेकोर मोजला गेला तो याच अभिक्रियेवर, १८५० साली, लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाकडून. साखरेचं द्रावण प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, फुटल्यावर तयार झालेलं मिश्रण डावीकडे. तो बदल वेळेनुसार टिपून त्याने नियम काढला. पाणी इतकं भरपूर असतं की त्याचं प्रमाण बदलल्यासारखं होत नाही आणि वेग फक्त साखरेवर अवलंबून दिसतो. 'केमिकल कायनेटिक्स'मध्ये हे उदाहरण आजही शिकवतात. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून काही ठिकाणी हायड्रॉसची पावडर टाकतात. ते क्षपण, अकरावीचं 'रेडॉक्स'. ठेवलेला गूळ हवेने पुन्हा काळवंडतो, ते ऑक्सिडीकरण. पोरांना हे डोळ्यांनी माहीत असतं, फक्त त्याला प्रकरणाचा क्रमांक जोडून द्यायचा असतो.

आता हाताबद्दल. बोर्डाचे १०० गुण म्हणजे ७० लेखी आणि ३० प्रात्यक्षिक. पण हल्ली कितीतरी मुलांचं नाव कॉलेजात आणि मूल दिवसभर क्लासमध्ये असतं. अशी मुलं परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जर्नल उतरवून आणतात. मला याचं फार वाईट वाटतं, आणि ते गुणांसाठी नाही. ब्यूरेटमधलं पोटॅशियम परमँगनेट गरम ऑक्झॅलिक आम्लात पडतं तेव्हा पहिल्या थेंबांचा रंग सावकाश जातो आणि नंतरच्यांचा झटकन. कारण अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच तिला वेग देतं. हे बघितल्याशिवाय उत्प्रेरण ही गोष्ट मनात बसत नाही. क्षार ओळखताना अमोनियम आला की नळीतून येणारा वास माझी मुलं लगेच ओळखतात. गोठ्यात वाढलेल्या मुलांना तो शिकवावा लागत नाही.

शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम सोडून ते या दुष्काळी पट्ट्यात आले आणि करत करत शिकण्याचं शिक्षण उभं केलं. आमच्या शेजारी हे घडलेलं असताना प्रयोगशाळेचे तास आम्हीच कापावेत, हे मला पटत नाही.

आता प्रवेश परीक्षांबद्दल. सीईटीला केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, त्यातले साधारण २० टक्के अकरावीवर. नीटला तर दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम. अकरावी विश्रांतीची, हा समज तेवढ्यासाठी तरी सोडावा.

ऑरगॅनिकची भीती मात्र मला समजते. अभिक्रियांची नावं संपता संपत नाहीत. म्हणून मी एक साखळी धरते: ऊस, साखर, मळी, मळीपासून इथेनॉल, इथेनॉल आणि अमोनियापासून इथिल अमाइन. बायोमॉलिक्यूल्स, अल्कोहोल आणि अमाइन्स ही तीन प्रकरणं एका दमात येतात. दौंड तालुक्यात साखर कारखाने आहेत आणि कुरकुंभला अमाइन बनवणारा अल्काइल अमाइन्सचा कारखानाही आहे.

बारावीचं सोळावं प्रकरण ग्रीन केमिस्ट्रीचं. शेवटी येतं म्हणून ते बहुतेक ठिकाणी घाईत उरकतात. मी ते अमाइन्सच्या लगेच मागे घेते, कारण तिथे अणूंची काटकसर मोजता येते. पुस्तकात अमाइन बनवायची एक रीत ब्रोमोइथेन आणि अमोनियाची आहे. एकूण १२६ भाग माल टाकला तर इथिल अमाइन मिळतं ४५ भाग, म्हणजे ३६ टक्के. बाकी हायड्रोजन ब्रोमाइड. इथेनॉलच्या रीतीत ६३ भागांतून तेच ४५ भाग मिळतात, ७१ टक्के, आणि उरतं ते पाणी. मुलं हे फळ्यावर स्वतः मांडतात. मग कोणीतरी विचारतंच, की पहिल्या रीतीतलं ते आम्ल जाणार कुठे, ओढ्यात गेलं तर किती चुना लागेल? त्याचं उत्तर काढायला तिसरं प्रकरण, आयनिक समतोल, पुन्हा उघडावं लागतं.