मृदुधातूंचा मारक कोथ : जोखमीचे घटक आणि परिणाम

पायावर सूज, लाली व ज्वर घेऊन येणारे बहुतेक रुग्ण त्वचेच्या साध्या संसर्गाचे असतात. त्यांतच एखादा नेक्रोटायझिंग फॅसिआयटिसचा असतो. या व्याधीत जंतूंचा प्रसार त्वचेखालील मेद व प्रावरणी यांतून होतो. तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या रक्त गोठून बंद पडतात आणि धातू मृत होतात. वरची त्वचा मात्र प्रारंभी जवळजवळ प्राकृत दिसते. दिसणाऱ्या विकृतीच्या मानाने अतिशय तीव्र वेदना हेच आद्य लक्षण होय.

जोखमीच्या घटकांत मधुमेह अग्रणी आहे. प्रमेहपिडकांचे वर्णन अभ्यासलेल्या वैद्यांना हा संबंध नवा नाही. यकृताचा सिरोसिस, दीर्घकालीन वृक्कविकार, मद्यपान, स्थौल्य, पायांतील धमन्यांचा अवरोध, कर्करोग व स्टेरॉइडचे दीर्घ सेवन हे अन्य घटक होत. तथापि ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकसजन्य प्रकार निरोगी तरुणासही होतो. त्यास साधे खरचटणेही पुरते. ग्लिफ्लोझिन वर्गातील मधुमेहौषधे घेणाऱ्यांत जननेंद्रिय व गुदभागी होणाऱ्या फोर्निए कोथाविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ साली इशारा दिला. हा प्रकार विरळ आहे, तरी औषधालयचालकांनी तो ध्यानी ठेवावा.

येथे आपल्या शास्त्राचा एक नियम नीट समजून घेतला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात शोथाच्या आम, पच्यमान व पक्व अवस्था सांगितल्या असून आम शोथाचे छेदन निषिद्ध मानले आहे. विद्रधीत तो नियम सार्थ आहे. परंतु या व्याधीत बहुधा पू साचतच नाही. छेद घेतल्यावर पातळ, करड्या रंगाचा स्राव आढळतो. पक्वतेची वाट पाहणे म्हणजे कोथास मुभा देणे. पंचविसाव्या अध्यायात सुश्रुतांनीच स्नायू, मांस व सिरा यांचा कोथ छेद्य व्याधींत गणला आहे.

विलंबाचा परिणाम आकड्यांतही दिसतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सहा तासांच्या आत शस्त्रकर्म झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण १९ टक्के, तर त्यानंतर झालेल्यांत ३२ टक्के आढळले. वाचलेल्यांनाही वारंवार छेदन, त्वचारोपण व कधी अंगच्छेद सोसावा लागतो. वार्धक्य, आगमनसमयीच रक्तदाब खालावणे व वृक्कांचे कार्य मंदावणे ही अशुभ चिन्हे होत. रक्तपरीक्षांवर आधारलेली २००४ सालची गुणांकनपद्धती उपलब्ध आहे. मात्र गुण कमी आले म्हणून व्याधी नाही, असा निर्णय करू नये.

यास्तव आमचे आग्रहाचे सांगणे असे : लालीच्या सीमेपलीकडे वेदना, काष्ठवत काठिण्य, निळसर-करडा वर्ण, फोड, बधिरता, दाबता चरचर वा भ्रम यांपैकी काहीही आढळल्यास लेप, शेक वा जळू यांत वेळ दवडू नये. लालीची सीमा पेनाने आखून त्यावर वेळ लिहावी, दिलेल्या औषधांची नोंद सोबत द्यावी आणि शल्यचिकित्सक व अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात रुग्णास तत्काळ पाठवावे. सुजेसाठी वेदनाशामक पुन्हा पुन्हा मागणाऱ्या मधुमेहीस औषधालयानेही गोळी देण्यापूर्वी वैद्याकडे धाडावे. वेदना दबली तर पहिली खूणच पुसली जाते.